बॅटरी मोठी नको भाऊ, पंप लहान करा

वाचकांचे सवाल, आमचे जवाब

मागच्या अंकात जिवंत चाऱ्यावर मरळ धरण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात चाऱ्याच्या टबात पंप लावा असं एक वाक्य होतं. पत्रं सगळी त्या एका वाक्यावरच आली. मरळीबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळे बॅटरीच्या मागे. म्हणून यावेळी बॅटरी आणि पंप एवढंच घेतो.

सवाल : दादा, आम्ही पवनी तालुक्यातले. पुतण्यानं पुण्याहून सेकंडहँड कयाक आणला, प्लास्टिकचा, एकट्यापुरता. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये आमच्या सोसायटीच्या हद्दीत गळ टाकतो. मागच्या बाजूनं २० लिटरचा टब बांधला, त्यात झिंगे अन् बारीक मासोळ्या ठेवतो. पंप बोटीतलं पाणी उपसाचा असते ना तो आहे, १२ व्होल्टचा, डब्यावर ५०० जीपीएच लिहून आहे. बॅटरी फवारणी पंपातली काढून लावली, १२ व्होल्ट ८ अँपिअर अवर. दुकानदार म्हणे चार तास चालते. इथं दोन तासांतच पंप कुंथाले लागते अन् चारा उलटा होऊन वर येते. आता २६ ची बॅटरी घेऊ म्हणतो पण तिचं वजन पाहून भेव वाटते. काय करू?

जवाब : भाऊ, २६ ची बॅटरी घेऊ नका. आठ किलोच्या आसपास वजन भरते तिचं, वर टबातलं पाणी २० किलो, वर तुम्ही. एकट्याच्या कयाकवर एवढा भार मागच्या बाजूला टाकला की नाक वर अन् शेपूट पाण्यात, आणि बॅकवॉटरला दुपारून वारा सुटला की लाटा काय होतात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आधी पंपाचं पाहू. ५०० जीपीएच म्हणजे तासाला ५०० गॅलन, आपल्या हिशेबानं जवळपास १९०० लिटर. टब तुमचा २० लिटरचा. म्हणजे एका तासात टबातलं पाणी नव्वदच्या वर वेळा फिरून राहिलं! रसवंतीचं इंजिन लावून लिंबू पिळण्यातला प्रकार आहे हा. तो पंप बनलाच आहे बोट बुडायला आली तर पाणी भराभर बाहेर फेकायला, झिंगे जगवायला नाही. चाऱ्याच्या टबातलं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरलं तरी थोड्या चाऱ्याला पुरतं, आणि खूप जोराचा प्रवाह असला तर उलट बारीक मासोळी त्याच्याशी झुंजून झुंजूनच दमते, गळाला लावेपर्यंत तिच्यात जीवच राहत नाही. तुमचा चारा मरतो त्यात अर्धा वाटा पंप बंद पडण्याचा असेल, पण अर्धा पंप चालू असतानाचाही असू शकतो.

असा पंप साधारण २ ते अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे २४ ते ३० वॅट. त्याच्या जागी तो छोटा ब्रशलेस, म्हणजे मोटरमध्ये कार्बनचे ब्रश नसलेला, पंप घ्या, कूलरच्या आणि फिश टँकच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, मुठीएवढा, काळा, त्यावर १२ व्होल्ट आणि २४० लिटर प्रति तास असं लिहिलेलं असतं. तो चार-साडेचार वॅटमध्ये चालतो, म्हणजे ०.३५ ते ०.४ अँपिअर. फक्त घेताना डीसी, म्हणजे बॅटरीवर चालणारा, आहे ना ते पाहून घ्या, कूलरचा पंप २३० व्होल्टचा असतो, तो आणून बॅटरीला जोडला तर हूं का चूं करणार नाही. २४० लिटर हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना असतो, फूटभर चढवलं की थोडा कमी होतो, तरी तुमच्या टबाला तासाला दहा फेरे आरामात.

आता हिशेब करा. १२ व्होल्ट गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट अवर. शिशाच्या बॅटरीला रोज पूर्ण पिळून काढलं की ती लवकर मरते, म्हणून अर्धीच वापरायची असं धरू, ४८ वॅट अवर. जुन्या पंपाला २४ नं भागा, दोन तास. नव्याला साडेचारनं भागा, साडेदहा तास. बॅटरी तीच, वजन तेच, पैसे लागले फक्त पंपाचे.

दुकानदार खोटं बोलला असं नाही, त्यानं ८ भागिले २ केलं आणि चार सांगून दिलं. पण या बॅटरीवर जो ८ चा आकडा छापतात तो २० तासांच्या हिशेबानं छापतात, म्हणजे ०.४ अँपिअर ओढलं तर २० तास चालेल. त्याच बॅटरीतून २ अँपिअर ओढायला गेलं की ८ पूर्ण मिळतच नाहीत, सहाच्या जवळपास हाती लागतात, नवी असली तरी. जोरात ओढाल तेवढी बॅटरी कमी देते, हा शिशाच्या बॅटरीचा स्वभावच आहे, जर्मनीच्या प्यूकर्टनं १८९७ मध्ये याचं सूत्र मांडून ठेवलं आहे. लहान पंपाचा इथं दुसऱ्यांदा फायदा होतो, तो ०.४ च ओढतो, म्हणून छापलेला आकडा त्याला जवळपास पुरा मिळतो.

तरीपण सहा भागिले दोन म्हणजे पूर्ण उतरेपर्यंत तीन तास निघायला पाहिजेत, म्हणून दोन तास हे कमीच वाटतात मला, आणि त्याचं कारण बहुतेक तुमच्या कयाकवर नाही, कोठ्यात आहे. फवारणी पंप आपल्याकडं कपाशीवर पोळ्यापर्यंत रोज चालतो, मग दिवाळी झाली की कोठ्यात खुंटीला टांगला जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत, बॅटरी अर्धी उतरलेली तशीच. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, मग चार्जरवर लवकर फुल दाखवते आणि लावली की लवकर बसते. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावायची, एवढंच काम असतं. तुमची किती उरली आहे ते पाहायचं असेल तर साधा मल्टिमीटर घ्या, गावातल्या मोटर वायंडिंगवाल्याकडं असतोच. चार्ज करून काढल्यावर दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.७ च्या आसपास असली तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. रात्रभर चार्ज करूनही सकाळी १२.४ च दाखवत असेल तर ती बॅटरी गेली समजा.

पंप बसवायचा टबाच्या आतच, तळाला. त्याच्या नळीला वर टबाच्या काठाशी आडवा पाइप जोडा, पाइपाला खिळा तापवून खालच्या बाजूनं आठ-दहा बारीक भोकं पाडा आणि पाणी चार-पाच बोटं उंचीवरून टबातच पडू द्या. पाणी पडताना हवा घेऊन पडतं, तेच काम आपल्याला पाहिजे. तलावातलं पाणी पंपानं ओढत बसायची गरज नाही, त्यात पंप कयाकच्या खाली लावावा लागतो, वल्हवताना तो हवा घेतो, आणि जलपर्णीचा धागा आत गेला की पंखा अडकतो. फक्त आतल्या आत पाणी फिरवलं की चाऱ्याची घाण आतच राहते, म्हणून अर्ध्या-पाऊण तासानं चार-पाच मगे जुनं पाणी फेकून तलावाचं ताजं घाला. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधून द्या, नाहीतर झिंग्यांच्या मिशा आत जातात.

आणि बॅटरीच्या लाल वायरला, बॅटरीपासून वीतभर अंतरातच, ३ अँपिअरचा फ्यूज टाका, मोटारसायकलच्या दुकानात मिळतो होल्डरसकट. पाण्यावर वायर शॉर्ट झाली तर बॅटरी वायरीचं काय करते ते पाहायची वेळ येऊ देऊ नका. बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात, कयाकच्या मधोमध, तळाशी. चार्ज करताना मात्र डब्यातून बाहेर काढूनच करायची, शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगला गॅस निघतो आणि तो पेट घेणारा असतो.

सवाल : फवारणी पंपाची बॅटरीच कायले काढाची, पुरा पंपच कयाकवर ठेवला तर? त्यात मोटर आहे, टाकी आहे, बॅटरी आहे, चार्जर आहे. धुऊन घेतला की झालं. — केळापूरहून

जवाब : नाही. धुऊन जात नाही ते. टाकीच्या प्लास्टिकमध्ये, नळीत, मोटरच्या रबरी पडद्यात औषध मुरलेलं असतं, आणि कपाशीवर मारायची बरीच औषधं माणसाला जेवढी बाधतात त्याच्या कितीतरी पट मासोळीला आणि झिंग्याला बाधतात, झिंगा तर किड्याचाच भाऊबंद. बॅटरी काढा, तिची बाहेरची बाजू साबणानं पुसून घ्या, बाकी काहीही पाण्याजवळ नेऊ नका. तलावात धुवायला तर अजिबातच नाही.

याच पत्रात झटका मशीनची बॅटरी चालेल का असंही विचारलं आहे. रानडुकरांसाठी लावता ती? बॅटरी चालेल, १२ व्होल्टचीच असते, पण ती बरीच मोठी आणि जड असते. शिवाय तुम्ही ती काढून नेली त्या रात्री डुकरं येणार हे ठरलेलं.

सवाल : आमच्याकडं बोटीचाच पंप आहे, नवा घ्यायचा नाही. मित्र म्हणतो टायमर लाव, एक मिनिट चालू तीन मिनिटं बंद. दुसरा म्हणतो रेग्युलेटर लाव, हळू चालव. कोणाचं ऐकू? नवेगावबांधजवळ राहतो. — अर्जुनी मोरगाव

जवाब : पहिल्या मित्राचं. एक मिनिट चालू, तीन मिनिटं बंद केलं की २ अँपिअरचा पंप सरासरी अर्ध्या अँपिअरवर येतो, म्हणजे ८ ची बॅटरी अर्धीच वापरली तरी आठ तास. टायमरचा छोटा बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, चालू-बंद दोन्हीची वेळ वेगवेगळी लावता येते असा मागा, नुसता एकदा बंद होणारा नको. त्यात टकटक वाजणारा रिले असतो तो स्वतःही थोडा करंट खातो, पण २ अँपिअरच्या पुढं ते काही नाही. बोर्ड डब्यात ठेवा, पाणी लागलं की गेलाच.

हळू चालवण्यात विचार चांगला आहे, तत्त्वानं पाहिलं तर पंप अर्ध्या वेगानं फिरवला की पाणी अर्धं मिळतं पण करंट अर्ध्याहून पुष्कळ कमी लागतो. अडचण अशी की हा पंप अर्ध्या वेगात पाणी वरपर्यंत चढवेलच असं नाही, नळीत मधेच पाणी लटकून राहतं, मोटर फिरते, बॅटरी उतरते आणि टबात थेंब येत नाही. टबाच्या आतच असेल आणि नळी वीतभरच असेल तर मग जमेल, लावून पाहा. पण छोट्या ब्रशलेस पंपाला तो चॉपिंगवाला, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून वेग कमी करणारा, रेग्युलेटर लावू नका बरं का, त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, ते गोंधळतं. त्याला हळू करायचंच तर व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लावायचा, ९ व्होल्टवर ठेवून पाहायचं. खरं तर साडेचार वॅटच्या पंपाला आणखी काय वाचवणार.

तीन मिनिटं बंद हे हिवाळ्यात ठीक, उन्हाळ्यात नाही. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० डिग्रीला साडेसात, ३५ डिग्रीला सातच्याही खाली. आणि पाणी तापलं की मासोळीचा श्वास वाढतो, दहा डिग्रीला जवळपास दुप्पट. म्हणजे पाण्यात हवा कमी आणि मागणी जास्त, दोन्ही बाजूनं मार. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, टब काळा असेल आणि उन्हात असेल तर दुपारी त्यात हात घालून पाहा. टबावर ओली चुंगडी टाका, पांढरा टब घ्या, आणि बंदची वेळ मिनिटभरावर आणा. चारा वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करायला लागला तर टायमरचं बटण बायपास करून पंप सरळ चालू ठेवायचा, ते चिन्ह दिसल्यावर वाट पाहायची नसते. मासोळ्याही मोजून ठेवा ना. २० लिटरमध्ये बोटभर लांबीच्या पंधरा-वीस ठीक आहेत, लोक शंभर भरतात आणि मग बॅटरीला शिव्या देतात.

सवाल : लिथियम घ्यावी का? वजन कमी म्हणतात. पण फुटते म्हणतात. — सिंदेवाही

जवाब : लिथियममध्ये दोन जाती आहेत आणि बाजारात दोन्हीला लिथियमच म्हणतात, तिथं घोळ होतो. एक लिथियम फेरो फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्टची. ही शांत प्रकृतीची असते, व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास धरून ठेवते, जवळपास पूर्ण वापरली तरी चालते, आणि नीट वापरली तर दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होते. ६ अँपिअर अवरची ही बॅटरी किलोच्या आत-बाहेर भरते, म्हणजे फवारणी पंपाच्या अडीच किलोच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा हलकी आणि कामाला तिच्यापेक्षा जास्तच, कारण शिशाची ८ असली तरी आपण ४ च वापरतो. किंमत जास्त आहे. कयाकवाल्यानं घ्यावी असं माझं मत, डोंग्यावाल्यानं कशाला घ्यावी, डोंग्याला दीड किलोचा काय फरक पडतो.

दुसरी जात म्हणजे लॅपटॉपमधल्या गोल सेलची, तीन सेल जोडून बनवलेली, भरली की १२.६ आणि उतरत उतरत ९ व्होल्टपर्यंत येते, त्यामुळं दुपारनंतर पंप मंदावतो. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून टेपनं गुंडाळून विकलेले पॅक तालुक्याच्या ठिकाणी सर्रास मिळतात, त्यात बीएमएस नावाचं संरक्षणाचं सर्किट असेल-नसेल. ते घेऊ नका. फुटण्याच्या गोष्टी ऐकता त्या बहुतेक याच जातीच्या.

कोणतीही घ्या, चार्जर तिचाच पाहिजे. फेरो फॉस्फेटच्या चार सेलला १४.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. फवारणी पंपाचा चार्जर लावून रात्रभर झोपी जाऊ नका.

मोटारसायकलची बॅटरी चालेल का असं तिघांनी विचारलं आहे. चालते एखाद्या दिवशी. पण ती क्षणभर जोरात करंट देऊन गाडी सुरू करायला बनवलेली असते, रोज खोल उतरवली की काही दिवसांत बसते, आणि मग काठावरून घरी येताना गाडी ढकलत आणा.

सवाल : दादा, मी गळवाली नाही, मासोळी विकणारी आहे. मूल तालुक्यात आमचा बचत गट आहे, गावतलावाची मरळ अन् रोहू जिवंत बाजारात नेली तर भाव चांगला येते. ड्रममधी टाकून मालवाहू ऑटोत नेतो, दीड तास लागते. त्याले पण हाच पंप चालते का? बॅटरी कोणती?

जवाब : ताई, आधी ड्रम वेगळे करा. मरळ एका ड्रममध्ये, रोहू दुसऱ्यात.

मरळ ही पाण्याबाहेरची हवा घेणारी मासोळी आहे, कल्ल्याच्या वर तिला हवेसाठी वेगळी जागा असते, ती मधून मधून वर येऊन तोंडानं हवा घेते. तिला पंपाची गरज जवळपास नाहीच. गरज आहे ती वर येता येण्याची. ड्रम काठोकाठ भरला आणि वरून झाकण घट्ट लावलं तर पाण्यात राहणारी मरळ पाण्यात गुदमरून मरते, ऐकायला विचित्र वाटते पण तसंच आहे. ड्रम तिसरा हिस्साच भरा, झाकणाला भोकं पाडा, वर जाळी आवळून बांधा कारण ती उडी मारते, आणि सावलीत न्या. मागूरचंही हेच. बॅटरी खर्च करायचीच नाही तिच्यावर.

रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही, त्यांना पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो आणि ड्रममध्ये दाटी केली तर तो पाहता पाहता संपतो. त्यांच्यासाठी पाणी फिरवणाऱ्या पंपापेक्षा हवेचा पंप घ्या, १२ व्होल्टचा, नळीच्या टोकाला दगडी फुगेवाला स्टोन असतो तो. बारीक बुडबुडे निघाले पाहिजेत, मोठे बुडबुडे नुसते वर येऊन फुटतात, पाण्यात उतरत नाहीत. ड्रम १०० लिटरचा असेल तर दोन स्टोन टाका. तुमचा प्रवास दीड तासाचाच आहे, ऑटोच्याच बॅटरीवरून फ्यूज टाकून लाइन घेतली तर इंजिन चालू असताना वेगळी बॅटरी लागणारच नाही, चालकाला आधी विचारून घ्या म्हणजे झालं. बाजारात बसल्यावर मात्र इंजिन बंद असतं, तिथं ती फवारणी पंपाची ८ वाली कामाला येते, हवेचा पंप १० वॅटचा असला तरी चार-पाच तास निघतात. आदल्या दिवशी मासोळीला खाद्य देऊ नका, पोट रिकामं असलं की ड्रममध्ये घाण कमी होते.

सवाल : कयाकवर सोलर प्लेट लावली तर बॅटरीच नको ना? — तुमसर

जवाब : १० वॅटची प्लेट कयाकवर आडवी ठेवली तर चांगल्या उन्हात सहा-सात वॅट देते, म्हणजे कागदावर छोटा पंप चालतो. पण तुम्ही हात आडवा केला, ढग आला, पाणी उडालं, की पंप थांबला. मधे बॅटरी लागणारच, आणि प्लेट अन् बॅटरीच्या मधे चार्जिंग आवरणारा चार्ज कंट्रोलरही. त्यापेक्षा प्लेट घरी कवेलूवर ठेवा, लोडशेडिंगची कटकट असेल तिथं दिवसभर बॅटरी तिच्यावर चार्ज करा, अन् कयाकवर नुसती बॅटरी न्या.

सवाल : पॉवर बँक चालते का? घरात तीन पडून आहेत. — पोंभुर्णा

जवाब : चालते की. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट अवर, कारण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२ व्होल्ट करून देणारी केबल लावली की थोडं वाया जाऊन ३० च्या आसपास हाती येतात, साडेचार वॅटचा पंप साडेसहा तास. ५ व्होल्टचा यूएसबी हवेचा पंप लावला तर केबलचीही गरज नाही, पण त्यात एक खोड आहे, पंप फारच कमी करंट घेत असला तर पॉवर बँकेला वाटते मोबाइल फुल झाला आणि ती आपोआप बंद होते. घरी बादलीत तासभर चालवून पाहा, बंद पडली तर तिघींपैकी दुसरी लावा, सगळ्यांची खोड सारखी नसते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची, पण उन्हात नाही, आसनाखाली.